दिवाणी न्यायालयात तिचा दावा का नाही?

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा विधानसभा मतदारसंघ २०२५ साली मतदारयाद्यांच्या वादामुळे देशभर गाजला. मतदारयादीत नाव असो वा नसो, हजारो श्रमिकांचे पोट या भागावर अवलंबून आहे. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, बाह्य वर्तुळ रस्ता आणि त्यांच्या दुतर्फा उभी राहिलेली काचेच्या भिंतींची कार्यालये यांचे घड्याळ लंडन आणि न्यूयॉर्कच्या वेळेवर चालते. तिकडे दिवस उजाडला की इकडे रात्रपाळी सुरू होते. २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो धावू लागली. परंतु मेट्रो रात्री बंद होते, पाळी बंद होत नाही. मग कंपनीची गाडी येते. कंपनीची असे म्हणावयाचे एवढेच. गाडी कंत्राटदाराची असते, चालक कंत्राटदाराने आणखी कोणाकडून तरी घेतलेला असतो, आणि तो कोण, कोठला, किती तास झोपेविना गाडी चालवीत आहे, हे विचारण्याचे काम कागदोपत्री सर्वांचे आणि प्रत्यक्षात कोणाचेच नसते. त्या गाडीत बसणाऱ्या मुलींत बेळगाव, सोलापूर, कोल्हापूरकडून आलेल्या मराठी मुलीही आहेत. आणि त्याच कार्यालयांच्या फरशा पुसण्यासाठी पहाटे अंधारात पायी येणाऱ्या कंत्राटी स्त्रियांना तर तीही गाडी नाही.

१३ डिसेंबर २००५ च्या रात्री बंगळूरमधील एचपी ग्लोबलसॉफ्ट या कंपनीच्या कॉल सेंटरमधील एक कर्मचारी कामावर जाण्यासाठी गाडीत बसली आणि परत आली नाही. चालकाने तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. २०१० मध्ये त्याला जन्मठेप झाली. दरम्यान सरकारतर्फे कंपनीचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक सोम मित्तल यांच्याविरुद्ध कर्नाटकच्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली तक्रार दाखल झाली. स्त्रियांना रात्रपाळीत कामावर ठेवण्याची मुभा कंपन्यांना सुरक्षिततेच्या अटीवर मिळालेली होती. त्या अटीचे काय झाले, असा प्रश्न होता. खटला रद्द व्हावा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यात आले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. हा दोष सिद्ध झाल्याचा निकाल नव्हता. खटला चालू द्या, एवढेच न्यायालयाने म्हटले. तेवढ्यानेसुद्धा उद्योगपतींच्या वर्तुळात केवढी खळबळ उडाली होती!

दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर २००७ रोजी, पुण्यात तेच घडले. विप्रोच्या बीपीओ केंद्रात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार गहुंजे गावाच्या बाजूला घेऊन गेले. बलात्कार करून त्यांनी तिचा खून केला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २०१२ मध्ये दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली, दयेचे अर्ज फेटाळले गेले, जून २०१९ ची तारीखही ठरली. अंमलबजावणीतील अक्षम्य विलंबाच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सतरा वर्षे न्यायसंस्थेची एकेक पायरी एका दोराभोवती फिरत राहिली. तो चालक नेमला कोणी, त्याची चौकशी केली कोणी, त्या मुलीच्या मिळकतीवर अवलंबून असलेल्या घराचे देणे कोण लागतो, हे प्रश्न यांपैकी एकाही फौजदारी न्यायालयापुढे नव्हते. ते तेथे असूच शकत नव्हते.

याचे कारण फौजदारी खटल्याच्या रचनेतच आहे. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. जिच्यावर अत्याचार झाला ती त्या खटल्यात पक्षकार नसते, ती साक्षीदार असते: पहिल्या क्रमांकाची, सर्वांत जास्त उलटतपासणी सोसणारी, परंतु साक्षीदारच. सरकारी वकील कोण असावा, हे तिच्या हातात नाही. शिक्षा झाली तर ती राज्यसत्तेच्या आज्ञेचा भंग झाला म्हणून होते. ज्या ठिकाणी ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नुकसानीसाठी, स्वतः निवडलेल्या प्रतिवादीविरुद्ध उभी राहू शकते ते एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे दिवाणी न्यायालय. कायद्याला हे ठाऊक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्येही, फौजदारी न्यायालयाने दिलेली भरपाई त्याच प्रकरणातील नंतरच्या दिवाणी दाव्यात हिशेबात धरावी, अशी स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे दावा होऊ शकतो हे गृहीतच आहे. असे असूनही भारतातील दिवाणी न्यायालयांत जमिनीच्या बांधावरून, भिंतीवरून, भाड्यावरून दाव्यांचे ढीग पडलेले असताना, बलात्कारित स्त्रीने गुन्हेगारावर किंवा मालकावर भरपाईचा दावा लावला असे उदाहरण शोधून काढावे लागते.

दिवाणी दाव्यात पुराव्याची पातळी वेगळी आहे. फौजदारी न्यायालयात वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, आणि ज्या ठिकाणी माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तेथे ते योग्यच आहे. कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांना खोट्या खटल्यांत गोवण्याचे प्रयत्न ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी ही पातळी खाली आणण्याची मागणी कधीही करू नये. दिवाणी न्यायालयात मात्र कोणती बाजू अधिक संभाव्य आहे एवढेच पाहिले जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने आरोपीला मौनाचा अधिकार दिला आहे. दिवाणी दाव्यातील प्रतिवादी असा गप्प बसू शकत नाही. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, जो पक्षकार शपथेवर साक्ष देण्यासाठी पुढे येत नाही त्याची बाजू खरी नाही असे अनुमान काढता येते. ते प्रकरण जमिनीच्या व्यवहाराचे होते. परंतु नियम सर्व दाव्यांचा आहे. वर्षानुवर्षे फक्त तिनेच पिंजऱ्यात उभे राहून उत्तरे द्यावीत ही जी स्थिती आहे, ती येथे उलटू शकते.

परदेशांत हे घडले आहे. स्कॉटलंडमध्ये दोन फुटबॉलपटूंवर सरकारने खटलाच भरला नाही, तेव्हा त्या स्त्रीने दिवाणी दावा लावला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने बलात्कार झाल्याचा निष्कर्ष नोंदवून १ लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. जपानमध्ये पत्रकार शिओरी इतो यांची तक्रार सरकारी वकिलांनी सोडून दिली होती; टोकियोच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिवाणी दाव्यात त्यांना ३३ लाख येन देवविले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये मुदत संपलेल्या जुन्या तक्रारींसाठी एक वर्ष दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवला, आणि त्या दरवाजातून आत आलेल्या दाव्यात मे २०२३ मध्ये ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार व बदनामी यांबद्दल जबाबदार ठरवून ५० लाख डॉलर भरपाई द्यावयास सांगितले. पुढे ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले ही गोष्ट वेगळी. अमेरिकन न्यायव्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. ज्याला वकील परवडतो त्याचीच ती व्यवस्था आहे. तरीही फिर्यादी पक्षाने पाठ फिरविल्यावर स्त्रीला जाण्यासाठी दुसरे दार आहे, एवढे या तीन देशांनी दाखविले आहे.

आपल्याकडे हे दार कोणी आणि कशाने बंद केले आहे ते कायद्याच्या पुस्तकांतूनच दिसते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे परिशिष्ट उघडावे. नुकसानभरपाईच्या दाव्यांची त्यात यादी आहे: खोटी अटक, खोटा खटला, बदनामी. लैंगिक अत्याचार हा शब्द नाही. परंतु अनुच्छेद ७७ आहे. नोकराला किंवा मुलीला फूस लावून नेल्यामुळे तिची 'सेवा' गमावलेल्या मालकाला किंवा बापाला एका वर्षात दावा लावता येतो! स्वतंत्र भारताच्या संसदेने, संविधान लागू झाल्यावर तेरा वर्षांनी संमत केलेला हा कायदा आहे. इंग्लंडच्या सरंजामी काळातून आलेली ही कल्पना साधी आहे. मुलगी ही घरातली चाकर, तिचे जे काही झाले ते बापाचे नुकसान, आणि नुकसान म्हणजे तिने न भरलेले पाणी आणि न थापलेल्या भाकऱ्या. तिच्या स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळा अनुच्छेद नसल्यामुळे तिला शेष अनुच्छेदाखाली जावे लागते आणि तेथे तीन वर्षांची मुदत आहे. फौजदारी खटला तीन वर्षांत संपतो असे सांगणारा वकील सापडणे कठीण. म्हणजे तिने फौजदारी खटल्यातील साक्षीपूर्वीच दिवाणी दावा लावावयाचा, आणि मग आरोपीच्या वकिलाने विचारावयाचे: बाई, पैशासाठीच हे सारे रचले ना? आणि निकालाची वाट पाहत थांबली तर मुदत गेली.

अल्पवयीन मुलीसाठी मुदत अठराव्या वर्षी सुरू होते आणि एकविसाव्या वर्षी संपते. जुलै २०१४ मध्ये महादेवपुऱ्याच्याच हद्दीतील मारतहळ्ळीच्या एका खाजगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा शेकडो पालक रस्त्यावर आले होते. अशा मुलीचा दिवाणी हक्क तिच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत जिवंत असतो, हे त्या पालकांपैकी कितींना कोणी सांगितले असेल?

मुदतीच्या अडथळ्यापुढे वारसा कायदा उभा आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम ३०६ असे सांगते की, माणूस मेल्यावर त्याचे दावे वारसांकडे जातात. अपवाद फक्त बदनामी, हल्ला आणि मृत्यूला कारण न झालेली शारीरिक इजा यांच्या दाव्यांचा. जमिनीचा दावा बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चालत राहतो. तिचा दावा मात्र तिच्याबरोबर मरतो आणि प्रतिवादी मेला तर त्याच्याबरोबरही मरतो. त्याची शेती, घर, दुकान वारसांच्या ताब्यात निर्वेध जाते. दिवाणी न्यायालयाचा वेग ज्यांना माहीत आहे त्यांना या कलमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रतिवादीने तारखा मागत राहावे, एवढे पुरते.

आणि सर्वांत घृणास्पद तरतूद पुरावा कायद्यात आहे. स्त्रियांच्या चळवळीने लढून २००२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्त्या घडवून आणल्या. पीडितेच्या पूर्वचारित्र्यावर प्रश्न विचारण्यास बंदी आली. परंतु २०१३ ची बंदी फौजदारी खटल्यापुरती आहे. दिवाणी दाव्यासाठी १८७२ च्या कायद्याचे कलम ५५ जसेच्या तसे राहिले: ज्या व्यक्तीला भरपाई मिळावयाची तिच्या चारित्र्यामुळे रकमेत फरक पडत असेल तर ते चारित्र्य पुराव्यात घेता येते. २०२३ मध्ये गाजावाजा करून 'वसाहतवादी कायदे' हटविण्यात आले. नव्या साक्ष अधिनियमात हेच कलम ५० म्हणून बसविण्यात आले आहे. फौजदारी न्यायालयात जो प्रश्न विचारता येत नाही तो शेजारच्या इमारतीत, भरपाईची रक्कम कमी करण्यासाठी, विचारता येण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. बंद दाराआड सुनावणीचेही तसेच. बलात्काराच्या फौजदारी खटल्यात ती बंधनकारक आहे. दिवाणी न्यायालयात ती न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे.

न्यायशुल्काचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात शुल्क भरावे लागते, म्हणजे जितके मोठे नुकसान तितकी मोठी फी. नादार ठरल्यास शुल्काविना दावा लावता येतो आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने हिंसाचारासह काही बाबींत स्त्री-वादींना न्यायशुल्क माफही केले. तिचा अर्थ किती व्यापक घ्यावयाचा यावर मात्र न्यायालयांत वाद झाले. येथे कायद्यापेक्षा माहितीचा अभाव अधिक नडतो.

असा दावा लावावयाचा तो कोणावर? तुरुंगात गेलेल्या चालकावर? त्याच्याविरुद्ध लाखांचा हुकूमनामा झाला तरी वसुलीच्या दरखास्तीत जप्त करण्यासारखे काय मिळणार? येथेच या विषयाचे वर्गीय मर्म आहे. ज्याच्या धंद्यासाठी ती रात्री दोन वाजता रस्त्यावर होती, ज्याने वाहतुकीचा खर्च वाचविण्यासाठी स्वस्तातला कंत्राटदार निवडला, त्याला प्रतिवादी करता आले पाहिजे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्याने याकडे अर्धे पाऊल टाकले आहे. त्या कायद्यात मालकाने पुरविलेली वाहतूक हीदेखील 'कामाचे ठिकाण' आहे, आणि बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भरपाई ठरविण्याचे निकषही त्यात चांगले आहेत: मानसिक यातना, गमावलेली संधी, उपचारांचा खर्च. पण ही भरपाई वसूल कोठून व्हावयाची? अत्याचार करणाऱ्याच्या पगारातून! कंत्राटी चालकाच्या पगारातून, आणि तोही तुरुंगात असताना. मालकाने कायद्यातील कर्तव्ये पाळली नाहीत तर त्याला ५० हजार रुपये दंड आहे, जो पीडितेला मिळत नाही.

याच्याशी मोटार अपघातांच्या कायद्याची तुलना करून पाहावी. तीच गाडी, तोच चालक, तीच मुलगी. झोपेच्या अंमलाखाली चालकाने गाडी दुभाजकावर घातली आणि ती दगावली, तर तिच्या आईवडिलांसाठी खास प्राधिकरण आहे. चालकाच्या चुकीबद्दल गाडीचा मालक जबाबदार, मालकामागे सक्तीचा विमा, आणि रक्कम काढण्याचे ठरलेले गणित: सरला वर्मा प्रकरणाच्या २००९ च्या निकालानुसार मृताचे वय २१ ते २५ असेल तर वार्षिक मिळकतीतून स्वखर्च वजा करून १८ ने गुणावे. अब्रू नाही, चारित्र्य नाही, कुजबुज नाही. २००० साली रीटा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर रिक्षा पळविण्यासाठी झालेला रिक्षाचालकाचा खूनही या कायद्याच्या अर्थाने अपघात मानून त्याच्या घरच्यांना भरपाई मिळवून दिली. परंतु त्याच गाडीत त्याच मुलीवर बलात्कार झाला आणि ती जिवंत राहिली, तर तिच्यासाठी ना प्राधिकरण, ना विमा, ना गणित. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही असा नियम राज्यसत्ता करू शकते. रात्रपाळीच्या स्त्रियांसाठी असे विमासंरक्षण घेतल्याशिवाय पाळी लावता येणार नाही, असा नियम करण्यात अशक्य ते काय आहे?

मालक जबाबदार नाही, कंत्राटदार स्वतंत्र आहे, हे उत्तर कामगार चळवळीला नवे नाही. पगाराच्या बाबतीत हेच उत्तर दिले जात होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ते मोडून काढले: कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने ती द्यावयाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या श्रमसंहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप सर्वज्ञात आहेत. तथापि मजुरीपुरते हे तत्त्व तेथेही टिकून आहे. त्याच संहितांनी स्त्रियांना त्यांच्या संमतीने सर्व आस्थापनांत रात्री कामावर ठेवण्याची मुभा दिली आहे. सुरक्षिततेच्या अटी आहेत, अटी मोडल्यास दंड आहेत, परंतु तिच्या शरीराला आणि आयुष्याला झालेल्या इजेचे देणे मूळ मालक लागतो असे एक वाक्य नाही. बुडालेली मजुरी जर मूळ मालकाकडून मिळते, तर हे का नाही? इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने २००१ मध्येच, वसतिगृहातील मुलांवर अत्याचार करणाऱ्या अधीक्षकाच्या कृत्याबद्दल त्याच्या मालक संस्थेला जबाबदार धरले आहे. नोकरीने त्याला ती संधी आणि तो अधिकार दिला होता, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे केले आहे, पण प्रतिवादी सरकार होते तेव्हा. १९९८ मध्ये हावडा स्थानकावर एका बांगलादेशी स्त्रीला रेल्वेच्या यात्री निवासात नेऊन तिच्यावर सामूहिक बलात्कार करण्यात आला. त्यात रेल्वेचे कर्मचारी होते. कलकत्त्याच्या वकील चंद्रिमा दास यांनी रिट अर्ज केला. रेल्वे मंडळाचा बचाव वाचण्यासारखा आहे: ही स्त्री परदेशी आहे, आणि तिला भरपाई हवी असेल तर तिने दिवाणी न्यायालयात जावे! जानेवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळून १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. सरकारला जेव्हा सुटका हवी असते तेव्हा ते स्त्रीला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखविते, कारण तो रस्ता कोठेही पोहोचत नाही याची त्याला खात्री असते. खाजगी कंपनीविरुद्ध असा रिट अर्ज सहसा चालत नाही. म्हणून व्हाइटफील्ड आणि हिंजवडीच्या स्त्रियांना तोच दिवाणी रस्ता उरतो, आणि म्हणूनच तो दुरुस्त करणे भाग आहे.

सरकारी योजना आहेत, असे यावर सांगितले जाईल. महाराष्ट्राची 'मनोधैर्य' योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. आरंभी तिची मर्यादा ३ लाख होती, पुढे विशेष प्रकरणांत ती १० लाखांपर्यंत नेण्यात आली. निपुण सक्सेना प्रकरणामुळे २०१८ मध्ये देशभर लागू झालेल्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख ठरले. या योजना टिकल्या पाहिजेत, रक्कम वेळेवर मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात औषधाला आणि घरभाड्याला पैसा लागतो तो दाव्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. पण हा पैसा जनतेच्या तिजोरीतला आहे. गुन्हेगार धनिक असो वा कंपनीचा निष्काळजीपणा असो, त्याचे बिल करदात्या श्रमिकाने भरावयाचे आणि ज्याचा नफा वाचला त्याने सांत्वनाचे पत्रक काढून मोकळे व्हावयाचे. शिवाय योजनेत ती अर्जदार आहे. समिती बसते, कागद मागते, मंजूर करते किंवा करीत नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो चळवळीच्या आतून येतो. पैसा घेणे म्हणजे अब्रूची किंमत लावणे. गावचे पाटील आणि सरपंच जी 'मांडवली' घडवून आणतात तिला हे न्यायालयीन रूप देणे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. दलित-आदिवासी वस्त्यांत काही हजार रुपये फेकून फिर्यादी मागे घ्यावयास लावल्याचे कार्यकर्त्यांनी पाहिले आहे, आणि त्या दडपणाविरुद्ध उभे राहण्यात त्यांची हयात गेली आहे. परंतु मांडवलीत पैसा खटल्याच्या बदल्यात दिला जातो. दिवाणी भरपाई खटल्याबरोबर चालते. बलात्काराचा गुन्हा कायद्याने आपसांत मिटविता येत नाही, आणि दाव्यातील तडजोडीने तो मिटू नये याची दक्षता घ्यावीच लागेल. खरा प्रश्न मोजमापाचा आहे. अब्रू मोजावयाची म्हटले तर पाटलाचाच मापदंड हाती घ्यावा लागतो. मोजावयाचे आहे ते बुडालेले काम, सुटलेले शिक्षण, उपचार, बदलावे लागलेले घर आणि गाव, न लागणारी झोप. कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराने भरपाई मागितली तर त्याने हाताची किंमत लावली असे कोणी म्हणत नाही.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. तो बदल पुढच्या स्त्रियांच्या कामी आला. त्या निकालातून मथुरेला मात्र एक पैसाही मिळाला नाही. ती मजूर होती आणि मजूरच राहिली. तिच्या वतीने पोलीस खात्यावर आणि सरकारवर दिवाणी दावा लावावा असे त्या वेळी गाजलेल्या मागण्यांत कोठे दिसत नाही. आज चाळीस वर्षांनंतर ही मागणी पुढे आणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

संसदेकडून आणि विधानसभांकडून काय हवे ते वर आलेच आहे: अनुच्छेद ७७ काढून टाकून पीडितेच्या स्वतःच्या दाव्यासाठी अनुच्छेद, आणि मुदतीची मोजणी फौजदारी खटल्याच्या अंतिम निकालापासून, कलम ३०६ च्या अपवादातून या दाव्यांची सुटका, भरपाई ठरविताना चारित्र्याच्या पुराव्यास बंदी, बंद दाराआड सुनावणी, मूळ मालकाची जबाबदारी आणि सक्तीचा विमा. परंतु कायदा बदलेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. आजच्या कायद्यातही असे दावे लागू शकतात आणि एक-दोन दावे चिकाटीने लढविले गेले तरच उच्च न्यायालयांना मालकाच्या जबाबदारीविषयी काही बोलावे लागेल. हे काम एकट्या स्त्रीचे नाही. वकिलांचा खर्च, तारखांना सोबत, कंत्राटाची कागदपत्रे, चालकांच्या नोंदवह्या, पूर्वीच्या तक्रारींच्या प्रती हे सारे कामगार संघटनाच जमवू शकते. आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संघटना बंगळूर व पुण्यात आता प्रत्यक्ष काम करीत आहेत. वाहतुकीच्या कंत्राटाची प्रत कंपनीकडे मागण्याचे काम तर घटना घडण्याची वाट न पाहता, पुढच्या मागणीपत्रातच करता येईल. आणि जेथे घटना घडलेली आहे तेथील शाखेने प्रथम तारीख पाहावी: आजच्या कायद्याप्रमाणे तिची तीन वर्षे त्या रात्रीपासून मोजली जात आहेत.